हॉटेल ठरवणारे बाबा

रविवारी "आज बाहेर खाऊ या" असं घरात कुणीही म्हणू शकतं. कुठे, हे मात्र दादर-माटुंग्याच्या प्रत्येक घरात एकच गृहस्थ ठरवतो. वय चाळिशीच्या आगेमागे, खांद्यावर पाण्याच्या दोन बाटल्या, खिशात मुलीची एक क्लिप. कॉलेजात हा माणूस रस्समसाठी उपनगरातून माटुंग्याला यायचा. आता नव्या हॉटेलबद्दल त्याचा पहिला प्रश्न असतो, "बेसिन किती उंचावर आहे?"

त्याची माहिती पक्की. सोमवारी कॅफे मद्रास बंद, हे त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगलं आठवतं. रामा नायकांकडे केळीच्या पानावर झकास जेवण, पण जिना आहे. म्हणजे धाकटी कडेवर. प्रकाशचा साबुदाणा वडा उत्तम, पण तो आतून निवेपर्यंत पोरांचं पीयूष संपतं आणि दुसऱ्या पीयूषवरून तह करावा लागतो.

मध्यंतरी त्याला 'खास मुलांसाठी' असलेल्या एका नव्या जागेचा मोह झाला. रंगीत खडू, कोपऱ्यात घसरगुंडी, मेन्यूवर हसणारा पास्ता. खाणं यायला पाऊण तास. तेवढ्यात मुलांनी कागद रंगवला, मग टेबल, मग एकमेकांना. माझं तर स्पष्ट मत आहे : पोराबाळांसाठी हॉटेलात सोय एकच लागते, लवकर येणारं खाणं. ती उडप्याकडे न मागता मिळते. मुलानं रडण्यासाठी आ वासावा, तर इडली समोर हजर!

चार वाजताचा चहा हा वेगळाच पेच. मुलं नुकतीच उठून कुरकुरत असतात, सासूबाई पुण्याहून आलेल्या, त्यांना "जरा बसायला बरी" जागा हवी. एकदा धीर करून त्यानं सगळ्यांना ताजच्या सी लाउंजमध्ये नेलं. खिडकीतून गेटवे दिसेल, बोटी दिसतील, मुलं रमतील असा हिशेब. मुलं रमली ती लिफ्टमध्ये. सासूबाईंनी एवढ्या थाटात भेळ खाल्ली आणि दर वाचून "घरी केली असती," म्हणाल्या. तेव्हापासून तो धोबीतलावच्या कयानीवर ठाम आहे. 1904पासून चाललेल्या त्या इराण्यानं यापेक्षा दंगेखोर गिऱ्हाइकं पाहिली असणार. सांडलेला चहा एका फडक्यात पुसला जातो, बन मस्क्याला काटा-चमचा लागत नाही.

हॉटेलात शिरल्यावर त्याची खरी ड्यूटी सुरू होते. डोसा फाडून फुंकर घालायची, सांबारातली मिरची हुडकायची, मोठ्याला टेबलाखालून काढायचं, धाकटीला "शू आली का?" विचारत दोनदा आत नेऊन आणायचं. स्वतःसाठी तो काहीच मागवत नाही, पोरांचं उरतंच. ऑफिसात सोमवारी सगळे त्यालाच विचारतात, मुलांना घेऊन कुठे जाऊ? तो भरभरून सांगतो. बेसिन, पंखा, खुर्च्या, पार्किंग, सगळं. आणि शेवटी, हॉटेल कुठलंही असो, आवाज खाली आणून सावध करतो, "चवीला एक नंबर. फक्त जरा गार देतात."