गाडी बंद पडली का?

डॉक्टरांनी चालायला सांगितलं. बारामतीत चालायला जागा नाही असं नाही. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं पहाटे निम्मं गाव चालत असतं. पण तिथं चालणं म्हणजे त्याच वीस जणांना रोज तोच नमस्कार करून त्याच वीस जणांच्या शुगरचे आकडे ऐकणं. मग मी ठरवलं, एसटीनं जायचं, कुठल्या तरी फाट्यावर उतरायचं, रानातून मनसोक्त हिंडायचं आणि मिळेल त्या एसटीनं परत यायचं.

"मीही येते," बायको म्हणाली. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझ्या एकट्याच्या प्रवासाला ती उधळपट्टी म्हणते.

रविवारी सकाळी इंदापूर गाडीत बसलो. काटेवाडी गेलं, भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. पुढे जंक्शन आलं. या जंक्शनला आजवर मला एकही रेल्वे दिसलेली नाही. वालचंदनगरकडे वळायचं ते ठिकाण. शेळगावच्या बाजूचा एक फाटा मी कंडक्टरांना सांगितला.

"तिथं काय काम काढलं?"

"काम नाही. चालायचंय."

त्यांनी तिकिटं फाडली आणि पेशंटच्या नातेवाइकाकडे बघावं तसं माझ्या बायकोकडे बघितलं. त्यांचंही बरोबरच होतं. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. तिच्यातून कुणी मध्येच उतरून उगाच चालत सुटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आम्हाला कडबनवाडीच्या गवताळ रानाकडे जायचं होतं. इंदापूर तालुका म्हटलं की लोकांना ऊस, डाळिंब आणि भिगवणची मच्छी आठवते. पण कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही, तिथं मैलोगणती पिवळं गवत आहे आणि त्यात चिंकारा आहे, लांडगाही आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातही चिंकारा दिसतो. पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, आणि आम्हाला तर दमेपर्यंत चालायचं होतं.

शंभर पावलं झाली असतील-नसतील, मागून मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन.

"पाव्हणं, गाडी बंद पडली का?"

"नाही हो. आम्ही चालतोय."

"ते दिसतंयच की. गाडी कुठाय?"

"गाडी नाहीच. एसटीनं आलो."

"मग कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडं नाही."

यावर तो गृहस्थ जरा गप्प झाला. घरात काही झालं असावं, असं त्याच्या मनात आलं असणार, कारण एकदम आवाज मऊ करून तो म्हणाला, "बसा, सोडतो." नको म्हटलं तर म्हणाला, "वैनींना कशाला उन्हात चालवता?" वैनी तोवर बसल्या होत्या. मीही मागे टेकलो. पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून एक कॅनवर ठेवला आणि दुसरा हवेत. एका कॅनचं झाकण सारखं उडत होतं, ते हातानं दाबून धरलं. चालायचं अंतर असं सात मिनिटांत संपलं. चालून दुखले नसते इतके पाय दुखले.

त्यानं सोडल्यावर पुन्हा चालायला लागलो, तर दुसरा आला. मग तिसरा. इंदापूर तालुक्यात चालण्याला कुत्र्यांचा अडथळा नाही की उन्हाचा नाही. अडथळा आहे तो माणुसकीचा. तिसऱ्याला मी थकून सांगितलं, "हो, पंक्चर झालीय." त्याचा चेहरा उजळला. इतका वेळ अडलेलं गणित एकदाचं सुटलं होतं.

शेवटी गवत आलं. मी दुर्बीण काढली. लांब बाभळीखाली काहीतरी हललं, पण फोकस करेपर्यंत कानाजवळ आवाज आला, "किती एकर बघताय?"

खांद्यावर घोंगडी, मागे शेरडं. मी म्हटलं, "बाबा, हरणं बघतोय."

"आस्सं," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. "ही समदी फॉरेस्टची हाय. इकायची नाय." थोडं थांबून, हळू आवाजात, "रस्त्याकडंला पायजे आसंल तर माझ्या मेव्हण्याची हाय."

चिंकारा त्यांनीच दाखवला. दुर्बिणीनं नव्हे, काठीनं. दोन माद्या होत्या. वाळल्या गवताच्याच रंगाच्या, फक्त काळी शेपटी सारखी हलत होती, म्हणून कळल्या. मान वळवून त्यांनी आमच्याकडे बघितलं. गाडी बंद पडली का, असं न विचारणाऱ्या त्या तालुक्यातल्या पहिल्याच.

परतताना एसटीत बायको माझ्या मोज्यातली कुसळं काढत होती. एकेक उपसायची आणि खिडकीबाहेर टाकायची. काढता काढता म्हणाली, "पुढच्या वेळी गळ्यात टाळ अडकवा. कुणी विचारणार नाही."

यात तथ्य होतं. याच रस्त्यानं आषाढीला तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीत पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धावतात. लाखो माणसं चालतात आणि एकालाही कुणी लिफ्ट देत नाही. देवाकडं निघालेला आणि मेंढरामागं निघालेला, हे दोघंच इथं चालायला अधिकृत.

म्हणून पुढच्या रविवारी मोरगाव. चार-पाच किलोमीटर अलीकडेच उतरलो आणि चालू लागलो. मोटरसायकली आल्या, वेग कमी झाला, आणि "मोरया" म्हणून पुढे गेल्या. नवसाचं पायी चालणं मोडायचं पाप कोण घेणार? त्या दिवशी मी पूर्ण चाललो. देवळाच्या दारात गणपतीसमोर भलामोठा नंदी आहे. गणपतीसमोर नंदी कसा, असं तिथल्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला शंकराच्या देवळात न्यायचं चाललं होतं. इथं गाडा मोडला, मग तो उठलाच नाय." मी नंदीला दोन वेळा नमस्कार केला. खरोखर गाडी बंद पडलेला मला भेटलेला तो एकटाच.

पण नवस सारखा कसा बोलणार? परवा पुन्हा इंदापूर गाडी धरली आणि शेळगावच्या त्याच फाट्यावर उतरलो. समोर तोच दूधवाला, तेच कॅन, झाकणाला आता सुतळी बांधलेली. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आजून दुरुस्त नाय झाली?"

"नाही ना," मी म्हणालो. "पार्ट मिळत नाही."

"निमगाव केतकीत माझा एक मेकॅनिक हाय," तो म्हणाला. "बसा."