पळून जाण्याची पूर्वतयारी

आमच्या मजल्यावरचा पोरगा परवा येऊन म्हणाला, "काका, आम्हाला पळून जाऊन लग्न करायचंय. जरा प्लॅनिंग करून द्या ना."

मी आधी दार लावून घेतलं. आमच्या नालासोपाऱ्याच्या तुळिंजमध्ये भिंतींना कान लागत नाहीत, कारण ऐकू न येण्याइतकी जाड भिंतच नसते.

"घरच्यांचा विरोध आहे?" मी कुजबुजलो.

"छे! आईनं साडी काढून ठेवलीय, ती येणारच आहे. आम्हाला फक्त जंगलात लग्न करायचंय, नॅशनल पार्कात. अमेरिकेत योसेमिटीत करतात तसं. फोटो काय येतात, काका!"

योसेमिटीतसुद्धा आधी अर्ज करून, फी भरून परवाना काढावा लागतो, हे मी सांगितलं नाही. पहिल्याच बैठकीत कशाला मन मोडा.

तसं पळणं आम्हाला नवं नाही. नालासोपारा स्टेशनातून रोज पहाटे अख्खं गाव पळून जातं आणि रात्री घरी येतं. फोटोग्राफर तेवढा कोणी नेत नाही.

त्याची पसंती बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानाला. पण गर्दीच्या वेळी विरार फास्टमधून, तेही शालू नेसून, बोरिवलीला उतरायचं म्हणजे नवरा बोरिवलीला आणि नवरी अंधेरीला. म्हणून घराजवळचं तुंगारेश्वर ठरलं. ते राष्ट्रीय उद्यान नव्हे, 2003 साली जाहीर झालेलं अभयारण्य. सुमारे 85 चौरस किलोमीटर. बिबट्या हा फरक मानत नाही, आम्हीही मानला नाही.

मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला. अभयारण्यात शिरायचा परवाना कशासाठी मिळतो? वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या कुणाशी कायदेशीर व्यवहार. लग्न यादीत नाही. शेवटच्या मुद्द्यात बसवता आलं असतं, पण मग नवरी आतलीच हवी. आग लावायला बंदी, म्हणजे होम गेला आणि त्याच्यासोबत सप्तपदीही. शस्त्राला बंदी, नवरदेवाची कट्यार गेली. स्फोटकांना बंदी, फटाके गेले. उरलं छायाचित्रण. पोराला मुळात तेवढंच हवं होतं म्हणा.

पळून लग्न तर रुक्मिणीनंही केलं. तिनं कौंडिण्यपुरातून एक पत्र धाडलं आणि देवदर्शन आटोपून ती रथात बसली. ड्रोन नाही, मेकअपवाली नाही. तरी त्या पळण्याची कीर्तनं आजतागायत चाललीत.

"होमाशिवाय होत नाही का?" पोरानं विचारलं. होतं की! 1954 चा विशेष विवाह कायदा. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार, बस्स. जादा फी भरली तर अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर 'वाजवी अंतरावर' नेण्याचीही सोय कायद्यात आहे. पोरगा खुर्चीतून उडालाच. मग मी पुढचं वाचलं. लग्नाआधी तीस दिवस नोटीस, ती कार्यालयातल्या फलकावर लागणार, नाव, वय आणि पत्त्यासकट. म्हणजे कोण, कोणाबरोबर, कुठल्या घरातून पळणार, हे महिनाभर आधी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला ठेवायचं. ही नोटीस लावायची की नाही ते जोडप्यानं ठरवावं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2021 मध्ये म्हटलं. अलाहाबादेहून माणसं इथवर आली. निकालाची गाडी मात्र अजून आलेली नाही.

पोरगा खूश. "मस्त! नोटिशीचाही फोटो काढू."

चौकशीला म्हणून मी एका विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. फलकासमोर एक जोडपं उभं होतं. मुलीनं ओढणी नाकापर्यंत घेतलेली, मुलाची नजर फलकावर कमी आणि दारावर जास्त. महिना कसाबसा निभावला होता, आज सह्या होत्या. दोन साक्षीदार आले होते, तिसरा फोन उचलत नव्हता.

"काका, आधार कार्ड आहे का जवळ?" मुलानं विचारलं.

होतं. मी सही केली. नातं काय, असं आतल्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी 'शेजारी' म्हणालो. फलकासमोर शेजारीच तर उभे होतो. बाहेर आल्यावर म्हटलं, चला, निदान एक फोटो काढू. मुलगी एकदम मागे सरकली. "नको काका, फोटो नको."

मग चहा तरी घ्या म्हटलं. तोही नको. मुलाला दुपारची शिफ्ट गाठायची होती.