कंपनी फिटेड आवाज आणि त्यावरील उपचार

नव्या गाडीबरोबर येणारे स्पीकर वाईट नसतात, स्वस्त असतात. ब्रेक आणि एअरबॅगच्या बाबतीत कंपनीला हात आखडता घेता येत नाही, कारण तिथे सरकार बघते. दाराच्या प्लास्टिकमागे कोणी बघत नाही. तिथे कागदी पडद्याचा, इवल्याशा चुंबकाचा, हातात घेतला तर भाकरीइतकाही जड न लागणारा स्पीकर बसतो. सर्वांत स्वस्त मॉडेलच्या मागच्या दारांना तर पुष्कळदा नुसती जाळीच असते. मालकाला तिच्यातूनही आवाज येत असतो.

आवाज सुधारण्याची व्याधी सहसा मेहुण्याच्या गाडीत बसल्यावर जडते. मग रुग्ण दुकान गाठतो. ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असो वा तालुक्याच्या एसटी स्टँडमागे, पहिला संवाद तोच.

“बजेट किती आहे साहेब?”

“जास्त नाही.”

दुकानदार मान डोलावतो आणि मधल्या फळीवरचा डबा उतरवतो.

उपचाराचा शास्त्रीय क्रम असा: आधी दारे, मग स्पीकर, मग अॅम्प्लिफायर, शेवटी वूफर. व्यवहारात तो उलटा चालतो. वूफर डिकी उघडून दाखवता येतो. दाराच्या पोटातले काम दाखवायला पाहुण्यांपुढे दार खोलावे लागते.

दार हेच खरे तर स्पीकरचे खोके. त्याचा पत्रा पातळ असल्याने तबल्यावर थाप पडली की तोही स्वतःचा ठेका धरतो. त्यावर उपाय डॅम्पिंगचा: ब्यूटाइल रबराची, वरून अॅल्युमिनियमची पन्नी असलेली पट्टी पत्र्यावर रोलरने दाबून चिकटवायची. त्यासाठी आधी दाराचे पॅनल निघते. प्लास्टिकच्या क्लिपा टकटक करत सुटतात, त्यातल्या एक-दोन मोडतात आणि कारागीर “काही होत नाही” म्हणतो. सगळे परत बसल्यावर एक स्क्रू उरतो. तो अॅश-ट्रेमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. डॅम्पिंगनंतर दार ‘खळ्ळ’ न वाजता ‘धप्प’ वाजते, आणि कित्येक मालकांचे पैसे गाणे सुरू होण्याआधीच वसूल होतात.

स्पीकर दोन प्रकारचे. कोअॅक्शियलमध्ये ट्विटर मधोमध बसलेला असतो. कॉम्पोनंटमध्ये तो वेगळा निघून आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर जातो, त्यामुळे गायिका गुडघ्याजवळून न गाता समोरून गाते. बसवण्यापूर्वी चुंबकाची खोली मोजून काच पूर्ण खाली करून पाहावी. न पाहिल्यास काच चुंबकावर येऊन टेकते आणि टोलनाक्यावर दार उघडून पैसे द्यावे लागतात.

अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर चार आकडी वॅट छापलेले असतात. ते क्षणिक कमाल शक्तीचे असतात आणि तो क्षण कोणी पाहिलेला नसतो. विचारायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा. डॅशबोर्डमधल्या डेकवर ‘५० × ४’ असे लिहिले असले, तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात २६ वॅटच्या वर देणे गणितालाच मान्य नाही. त्यापुढे जायचे तर व्होल्टेज आतल्या आत वाढवणारा स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतो. पण शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. तो कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दसपट लागते. खर्च मात्र लगेच कळतो.

अॅम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवरून येते. तिचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. तो अॅम्प्लिफायरजवळ लावला, तर मधली वायर कुठे घासून बॉडीला टेकल्यावर तो शाबूत राहतो आणि वायर पेटते. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघडा पत्रा गाठावा लागतो. नव्या गाडीला पॉलिशपेपर लागताना मालकाने चहाला जावे. अर्थिंग कच्चे राहिले, तर अॅक्सिलरेटर दाबताच गाण्यामागे एक ‘कुंईऽऽ’ उमटते आणि इंजिनाबरोबर पट्टी बदलते. कंपनीची वायर कापण्याऐवजी कपलर वापरावा. वॉरंटीचा वाद त्याने निम्मा टळतो.

शेवटी ट्यूनिंग. गेनचे बटण आवाज वाढवण्यासाठी नसून डेक आणि अॅम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी असते. ते शेवटपर्यंत पिळल्यास लहरींची टोके छाटली जातात आणि पहिला बळी ट्विटरचा जातो. टाइम अलाइनमेंटमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज चालकाच्या कानाशी एकाच वेळी पोचेल असा लावतात. बाकीच्या जागांवर तो विस्कळीत पोचतो. म्हणून चालकाला समाधी लागलेली असताना शेजारून “जरा कमी करता का?” असे ऐकू येते. कायदाही शेजारणीच्याच बाजूचा आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे.

सुधारलेली यंत्रणा दोष लपवत नाही. फुकटात उतरवलेली, दाबून लहान केलेली गाणी पूर्वी बरी वाटत. आता त्यांतली झांज चिवड्यासारखी वाजते, म्हणून गाणीही नव्याने घ्यावी लागतात. जुने स्पीकर माळ्यावर जपून ठेवावेत. गाडी विकताना साउंडचे पैसे कोणी धरत नाही, तेव्हा जुने परत लावून नवे काढून घेता येतात. पुढच्या गाडीत ते बसत नाहीत, पण त्यासाठी अडॅप्टर रिंग मिळते. रिंग स्वस्त असते. ती घ्यायला मात्र त्याच दुकानात जावे लागते.