हलक्या गिअरवरचा ज्वालामुखी

ज्वालामुखीवर सायकलने जायचे आणि वर त्यासाठी पैसेही भरायचे, ही गोष्ट माझ्या आजोबांना पटवून देणे अवघड गेले असते. त्यांच्या लेखी सायकल ही कामावर जायची वस्तू आणि ज्वालामुखी ही भूगोलाच्या पुस्तकात राहायची. दोघांनी आपापल्या जागी असावे, भेटीगाठी वाढवू नयेत. सिसिली बेटावर मात्र ही भेट रीतसर घडवून आणली जाते. सायकल भाड्याने मिळते, बरोबर गाइड मिळतो, मागून केळी आणि पाणी घेतलेली गाडी येते आणि दुपारपर्यंत तुम्हाला एटना या युरोपातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखीच्या खांद्यावर नेऊन बसवतात. जेवण धरून.

पूर्वी ही सोय नव्हती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीतला ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीस एटनावर गेला आणि आपण देव आहोत हे लोकांना पटावे म्हणून त्याने विवरात उडी घेतली, अशी दंतकथा आहे. एटनाने त्याची ब्राँझची एक चप्पल तेवढी बाहेर फेकली आणि देवपणाचा निकाल लागला. त्याच्याबरोबर गाइड असता तर त्याने आधी फॉर्मवर सही घेतली असती, मग पायांकडे बघून ‘असल्या चपला घालून वर येता येणार नाही’ म्हणून त्याला खालूनच परत पाठवले असते. एक तत्त्वज्ञ वाचला असता.

माझी एक भाची जर्मनीत नोकरी करते. सुट्टी वाया जाऊ नये अशी तिची श्रद्धा आहे. सुट्टी वाया घालवण्यासाठीच असते अशी माझी. एटनाच्या पायथ्याच्या काटानिया शहरात चार दिवस कॉफी पीत बसायचे असे माझ्या मनात होते. “मामा, तू सिंहगड चढतोस ना सायकलवर? मग हा पण घाटच आहे,” असे म्हणून तिने परस्पर बुकिंग करून टाकले. सिंहगडाला रविवारी जातो हे मी नातेवाइकांत जरा जास्तच वेळा सांगितलेले असल्याने माघारीची वाट बंद होती.

घाट म्हणावा तर खरोखर घाटच. निकोलोसी हे गाव साधारण 700 मीटर उंचीवर आहे. तिथून निघालेला डांबरी रस्ता सुमारे 18 किलोमीटर चढत सापिएन्झा नावाच्या आश्रयगृहापाशी, 1,900 मीटरवर पोचतो. सरासरी चढ साडेसहा टक्क्यांच्या आसपास. सिंहगड चढलेल्याला हा आकडा घाबरवत नाही. घाबरवते ती लांबी. सिंहगडावर जिथे पिठले-भाकरीचा वास यायला लागतो, तिथे एटनाचा निम्मा रस्ता शिल्लक असतो आणि वास येतो तो गंधकाचा. तोही वारा अनुकूल असला तर.

निघण्यापूर्वी गाइडने आम्हाला गोलात उभे करून सूचना दिल्या. ज्वालामुखीबद्दल त्याचे एकच वाक्य होते, “आज ती शांत आहे.” त्यानंतर बराच वेळ तो ब्रेकबद्दल बोलला. सीटची उंची, हेल्मेटचा पट्टा, तहान लागण्याआधी पाणी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरताना वळणावर साचलेली काळी वाळू. डोक्यावर धूर सोडणारा डोंगर आणि हा गृहस्थ वाळूची काळजी करतोय, हे मला तेव्हा विनोदी वाटले. पण त्याचा धोक्यांचा क्रम अनुभवातून आलेला होता. 2020 च्या ‘जिरो दि इतालिया’ या सायकल शर्यतीत एक टप्पा एटनावर संपणार होता. ब्रिटनचा गेरँट थॉमस हा त्या वर्षीचा मोठा दावेदार. शर्यत खऱ्या अर्थाने सुरू होण्याआधीच, सगळे रमतगमत चाललेले असताना, त्याच्या चाकाखाली कुणाची तरी पाण्याची बाटली आली, तो पडला, हाड मोडले आणि स्पर्धेतून बाहेर गेला. एटनाचा यात काहीही हात नव्हता. माणसाला आडवे करायला बाटली पुरते.

या शर्यतीने एटनाची पहिली चढाई 1967 साली केली. फ्रँको बितोस्सी तेव्हा जिंकला. 2011 मध्ये अल्बेर्तो कोंतादोर इथे सगळ्यांना मागे टाकून वर पोचला. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात त्याचा तो विजय काढून घेण्यात आला. रस्त्यावर अजूनही कुणाकुणाची नावे पांढऱ्या रंगात लिहिलेली दिसतात. ती वाचायला भरपूर वेळ मिळतो, कारण ती ज्यांच्यासाठी लिहिलेली असतात त्यांच्या एकतृतीयांश वेगाने आपण त्यांच्यावरून जात असतो.

आमच्या गटात नेदरलँड्सचे एक निवृत्त जोडपे बॅटरीच्या सायकलींवर होते. दोघे शेजारी शेजारी गप्पा मारत चढत होते. चढावर गप्पा मारणाऱ्या माणसांबद्दल माझे मत कधीच चांगले नव्हते. मिलानहून आलेला एक सडपातळ तरुण पहिल्याच वळणावर दिसेनासा झाला आणि थेट जेवणाच्या टेबलावर भेटला. भाची माझ्यापुढे वीसेक मीटर अंतर राखून होती आणि अधूनमधून मागे वळून “मामा, गिअर हलका कर!” असे ओरडत होती. याहून हलका गिअर सायकलला नाही, हे सांगण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता.

सगळ्यात मागे मी आणि माझ्याबरोबर गाइड. गाइडचे पैसे प्रत्येकाने सारखेच भरलेले असतात, पण तो लाभतो मात्र शेवटच्या माणसाला. मिलानच्या तरुणाला फक्त डांबर मिळाले. मला डोंगराचे सगळे चरित्र मिळाले.

कारण हा रस्ता तारखांमधून जातो. निकोलोसीच्या अंगाला मोंती रोस्सी या जोड टेकड्या आहेत. त्या 11 मार्च 1669 पर्यंत नव्हत्याच. त्या दिवशी जमीन फाटली, चार महिने लाव्हा वाहत राहिला, वाटेतली गावे गिळत काटानियापर्यंत गेला आणि समुद्रात उतरला. किनाऱ्यावरचा उर्सिनो किल्ला लाव्ह्याने वेढला पण पाडला नाही. समुद्रच मागे सरकला आणि किल्ला आज शहराच्या आत उभा आहे. तेव्हा काटानियाची काही धीट माणसे ओली कातडी पांघरून, पहारी घेऊन लाव्ह्याच्या काठावर गेली आणि त्यांनी कड फोडून प्रवाह दुसरीकडे वळवायला सुरुवात केली. ते जमतही होते. पण तो दुसरीकडे म्हणजे पातेर्नो गावाच्या दिशेने वळू लागला. पातेर्नोचे लोक हत्यारे घेऊन धावून आले आणि काम थांबले. धरणाच्या पाण्यावरून दोन तालुके भांडताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

वर चढत जावे तशा पुढच्या तारखा येतात. 1983 चा लाव्हा, 2001 चा लाव्हा. शतके ओळीने येत नाहीत. नवे जुन्यावर चढून बसलेले असते. ओळखायचे कसे, ते गाइडने शिकवले. अगदी ताजा लाव्हा नुकत्या नांगरलेल्या काळ्या रानासारखा दिसतो, ढेकळेच ढेकळे, हिरवे काही नाही. काही वर्षांनी त्यावर करड्या रंगाचे दगडफूल धरते. त्याने खडक जरा कुरतडला, थोडी माती साचली, की पिवळ्या फुलांची एटनाची खास झुडपे उगवतात. ती पुढे झाडाएवढी होतात. त्यांच्यानंतर पाइन आणि ओक. म्हणजे सावली मिळाली की समजावे, इथे शतकानुशतके कुणी डोंगराला डिवचलेले नाही. दम लागलेल्या माणसाला वनस्पतिशास्त्र इतके मनापासून कधीच पटत नाही.

मोटारीतून हा रस्ता अर्ध्या तासात संपतो. ताशी सात-आठ किलोमीटरने पायडल मारले तर अडीच तास लागतात. 1669 पासूनची साडेतीनशे वर्षे अडीच तासांत, म्हणजे एका शतकाला जवळपास पाऊण तास. इतिहासाच्या तासाला आम्हाला इतका वेळ कुणी दिला नव्हता.

एका विसाव्याला मी गाइडला सांगितले की आमचा सह्याद्रीसुद्धा लाव्ह्याचाच आहे. आमचे किल्ले, आमचे घाट, आमची अजिंठा-वेरूळची लेणी, सगळे त्या थिजलेल्या थरांतच. तो एकदम सावध झाला. ज्वालामुखीशेजारी राहणाऱ्यांची एक बिरादरी असते, तिच्यातला मी निघालो होतो. “शेवटचा उद्रेक कधी?” त्याने विचारले. मी म्हटले, “सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी.” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “मग घर घ्यायला हरकत नाही.” एटनाचे वय पाच लाख वर्षांच्या आसपास. आमच्या डोंगरापुढे ही बया अजून न्हाणवलेलीही नाही, असे मला म्हणायचे होते. पण इटालियनमध्ये ते जमेना.

घर घेण्याचा मुद्दा त्याच्या मनातून जात नव्हता, कारण इथे लोक खरोखर घर घेतात. लाव्ह्याची माती कसदार. तिच्यावर द्राक्षे आणि लिंबे पिकतात. पश्चिम उतारावरच्या ब्रोन्तेचा पिस्ता तर जगभर मानाने खाल्ला जातो. काटानियाचे रस्ते, घरांचे चौथरे, चौकातला प्रसिद्ध हत्ती, सगळे याच काळ्या दगडाचे. उद्रेक झाला की शहरावर राख पडते, विमानतळ बंद होतो आणि महापौर फर्मान काढतात. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांनी मोटारींना ताशी 30 किलोमीटरची मर्यादा घातली आणि दुचाकींना, सायकलीसुद्धा धरून, दोन दिवस बंदीच केली. राखेवर चाक घसरते. म्हणजे महापौरांचा आणि आमच्या गाइडचा धोक्यांचा क्रम एकच.

1991 च्या डिसेंबरात सुरू झालेला उद्रेक 473 दिवस चालला. लाव्हा झाफेराना गावाच्या वेशीपर्यंत आला. 1992 मध्ये वरच्या अंगाला सुरुंग लावून त्याचा प्रवाह फोडला, तेव्हा गाव वाचले. वेशीबाहेरच्या एका शेतकऱ्याचे घर मात्र वाचणार नव्हते. ते सोडून निघताना त्याने आत भाकरी, चीज आणि वाइन मांडून ठेवली, असे तिथे सांगतात. इतक्या लांबून आलेला लाव्हा दमला असेल, ही त्याची कल्पना. हे ऐकताना मी केळे खात होतो. लांबून येऊन दमलेल्यांबद्दल इथे चांगली समज आहे, एवढे माझ्या लक्षात आले.

सापिएन्झाला पोचल्यावर काय दिसते? मोठा वाहनतळ, पर्यटकांच्या बस, लाव्ह्याचे छोटे हत्ती विकणारी दुकाने आणि रोप-वेची रांग. सांडलेल्या घामाच्या मानाने हे दृश्य अगदीच साधे आहे. शेजारीच 1892 च्या उद्रेकातून उठलेली सिल्व्हेस्त्री विवरे आहेत. त्यांच्या काठावरून शाळेची मुले पळत असतात. खरे शिखर आणखी चौदा-पंधराशे मीटर वर. त्याची नेमकी उंचीही सांगता येत नाही, कारण डोंगर ती स्वतःच कमी-जास्त करत असतो. रोप-वे 2,500 मीटरपर्यंत नेतो, त्याच्या खूप वर जायचे तर ज्वालामुखीचा परवानाधारक गाइड वेगळा. थोडक्यात, ‘मी ज्वालामुखी चढलो’ हे विधान फोटोखाली लिहिण्यापुरते खरे आहे. 2001 मध्ये हे ठिकाणही जवळपास गेलेच होते. बुलडोझर लावून मातीचे बांध घातले म्हणून आश्रयगृह राहिले. रस्ता गेला, रोप-वेचे नुकसान झाले. लाव्हा निवल्यावर त्याच्यावरूनच पुन्हा डांबर टाकले. आम्ही त्याच डांबरावरून आलो होतो.

उताराबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तो फार लवकर संपतो. गाडीतून विंडचीटर काढून देताना गाइड म्हणाला, जुने शर्यतवाले छातीवर वर्तमानपत्र घालून उतरायचे. वर्तमानपत्राने ऊब दिल्याचे हे एकच उदाहरण मला माहीत आहे. वळणांवर काळी वाळू होतीच. ती पाहून मला 1669 आठवले नाही, 2001 आठवले नाही, फक्त ब्रेक आठवला. गाइडची शिकवण वाया गेली नव्हती. डच जोडपे मात्र उतरतानाही गप्पा मारत होते.

मला विचाराल तर एटनावर वेगाने चढणाऱ्यांचे काम नाही. त्यांना डोंगराची उंची कळते. त्याचे वय मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. जाणार असाल तर आदल्या रात्री राखेची बातमी बघा, विंडचीटर विसरू नका आणि भाड्याची सायकल घेताना मागची चकती जेवढी मोठी मिळेल तेवढी मागा. बॅटरीची सायकल घेतलीत तरी कुणी हसणार नाही. फक्त ती सगळ्यात कमी ताकदीवर ठेवा आणि गाइडच्या पुढे जाऊ नका. त्याचे पैसे भरलेले असतात.