उचलता न येणारा गालिचा

अहो वहिनी, जरा अशा वईजवळ या. भात आपोआप शिजेल. ऐकलंत का वरच्या घरातलं? त्या होमस्टेवाल्यांचं हो! धाकट्या सुनेनं गालिचा घेतला नाही, काढला. ब्रशनं! खाली, जमिनीवर! मी डोळ्यांनी बघून आले. साखर मागायला गेले होते. साखर होती घरात, पण ते जाऊ द्या.

गेल्या माघात त्यांनी माजघराची भिंत पाडली, ते तर सगळ्या बाजारकुणंगला माहीत आहे. ओपन प्लॅन म्हणे. सोपा, माजघर, स्वैपाकघर, सगळं सलग. सासू, ती म्हातारी, तेव्हाच म्हणाली होती, "आता दूध उतू गेलं की माझ्याआधी पाव्हणा ओरडेल." आणि तसंच झालं की! गणेशगुडीला राफ्टिंग करून आलेली पोरं ओल्या चड्डीनिशी थेट चुलीपाशी. बसायचं कुठं, जेवायचं कुठं, कुणाला पत्ता नाही. सुनेनं बेळगावहून खराखुरा गालिचा आणला, सोफ्याखाली घातला. पण आपला पाऊस काय गालिच्याचा आहे? आषाढ सरेस्तोवर त्याला बुरशी, वर तांबड्या चिखलाची पावलं. वाळत घालावा तर ऊन गोव्याला गेलेलं.

तर काय सांगत होते... हां, रंग. दिवाळी झाली नि बाईनं डबे आणले. त्यांच्याकडचा तो लाल कोबा आठवतो ना, आजेसासऱ्यांच्या वेळचा? सिमेंटात रेड ऑक्साइड घोटलेला, वर खोबरेल आणि मेण चोळून चोळून आरसा केलेला. त्यावर हिनं सरळ इनॅमल मारलं. दिसलं सुरेख. चार दिवसांनी ओलं फडकं फिरवलं तर रंग सायीसारखा वर! सुनेचं तोंड असं उतरलं म्हणता... आणि म्हातारी? चकार शब्द नाही. नुसती खोबरेलाची बाटली उचलून कपाटात ठेवली. मला विचाराल तर तिला आधीपासून ठाऊक होतं. मेणावर रंग धरत नाही हे तिला कळणार नाही होय?

पण पोरगी चिवट हो. दुसऱ्या खेपेला गरम पाण्यात सोडा घालून घासघास घासलं, मग पॉलिश पेपर. रात्री प्लास्टिकचा तुकडा जमिनीला चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. सकाळी खाली घाम दिसला तर जमीन दमट, रंग लावायचाच नाही. कोरडा निघाला, तेव्हा कुठं सुताराकडून गेरूची दोरी आणून रेघा मारल्या, कडांना टेप, प्रायमर, मग पातळ पातळ दोन हात, शेवटी क्लिअर कोट. प्रत्येक हात नीट वाळेपर्यंत घरात मागच्या दारानं ये-जा. सासरे पडवीत जेवत होते. विचारलं तर म्हणाले, "सोवळ्यात आहे जमीन."

खरी गंमत पुढंच आहे. इकडे सरका.

सोफ्यापुढचा गालिचा झाला. नऊ बाय सहा, हिरवी किनार, आत पिवळट मैदान आणि मधोमध लालबुंद कमळ. झालं! त्यावर पाय कोण ठेवणार? म्हातारी कडेकडेनं चालायला लागली. तिची जाऊ आली, तीही कडेकडेनं. अहो, ती राफ्टिंगवाली पोरंसुद्धा चपला काढून भिंतीला पाठ लावून! सोफा रिकामा, माणसं सगळी कोपऱ्यात. शुक्रवारी तर म्हातारीनं कमळाला हळदकुंकू वाहिलं. सून म्हणाली, "अहो आई, तो गालिचा आहे." म्हातारी म्हणाली, "कमळ आहे ना? मग."

सुनेची बहीण मुंबईची, ती आली होती तेव्हा. तिनं समजावायला घेतलं. म्हणे मुंबईच्या जुन्या इमारतींत सिमेंटच्या नक्षीदार लाद्या अशाच मांडलेल्या, किनार वेगळी, कोपरे वेगळे, मध्ये मैदान, हुबेहूब गालिचा. ते भारत टाइल्सवाले सिधवा, 1922 साली स्वदेशी म्हणून कारखाना काढला, त्यांच्या फुलांवरून पिढ्यान् पिढ्या लोक चालतायत. विलायतेत तर शिडाच्या कापडावर तेलरंगाचे थरावर थर देऊन गालिचे करत, फ्लोअरक्लॉथ म्हणत त्याला. आणि अमेरिकेतला तो राष्ट्राध्यक्ष जेफरसन, त्यानं आपल्या घराच्या दर्शनी दालनाची लाकडी जमीन गवतासारखी हिरवी रंगवून घेतली होती, एका चित्रकारानं सुचवलं म्हणून.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गवतावर मीही चालते." वर ऐकवलं, "सागरकडच्या दिवरू बायका तांबड्या मातीवर तांदळाच्या पांढऱ्यानं चित्तार काढतात, किती सुंदर! पण कुठं? भिंतीवर. त्यांना अक्कल आहे." बहिणीचं तोंड बघायला हवं होतंत. मला हसू आवरेना, मी साखरेच्या वाटीत बघत बसले.

खरं सांगू, म्हातारीचं पटलं मला. रांगोळी घालून आपणच दिवसभर तिला वळसा घालतो, मग पाव्हण्याला का दोष?

शेवटी कमळावर रंग फिरवला, त्या जागी साध्या चौकटी. आणि जेवणाच्या टेबलाखालचा दुसरा गालिचा? तो म्हातारीनं सांगितला! स्टुलावर बसून, हातात काठी. चटईची वीण काढून घेतली, एक पट्टी वर, एक खाली, आडवी उभी. सून गुडघ्यावर, टेप तोंडात. "वाकडी गेली, पूस." तीनदा पुसायला लावलं म्हणे. टेबलाच्या चारी बाजूंना दोन दोन फूट जास्त धरला, म्हणजे खुर्ची मागं ओढली तरी किनारीच्या आतच राहते. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवलेत, नाहीतर चार जेवणांत ओरखडे.

आणि काय सांगू, भिंत पाडल्यापासून कुणी ऐकत नव्हतं, आता किनारीच्या पलीकडे पाव्हण्यांचं पाऊल जात नाही. चटईपाशी येतात, थांबतात, "आजी, पाणी मिळेल?" म्हणतात.

परवा हुबळीचं एक कुटुंब उतरलं होतं. बाईनं वाकून, नखानं टोकरून बघितलं नि विचारलं, हा कुठल्या दुकानात मिळाला? सून तोंड उघडतेय तोवर म्हातारी म्हणाली, "दुकानात कशाला? घरी होतात आमच्याकडे. मीच केलाय." आणि सुनेकडे बघून वर, "डबे हिनं आणले."

सुनेचा चेहरा... अहो वहिनी, भात! वास येतोय. जा तुम्ही, सुनेचं उद्या सांगते. आणि माझ्या पडवीला किती डबे लागतील ते मी विचारून ठेवलंय, पण म्हातारीला कळू देऊ नका, काठी घेऊन येईल.