पूर्वज पाहिजेत, थोर असल्यास प्राधान्य

वसई परिसरातील ख्रिस्ती घराण्यांच्या वंशपरंपरेत परस्परांशी मुळीच न जुळणारे दोन अभिमान अनेक पिढ्या गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत: एक, आपण मूळचे सामवेदी ब्राह्मण, आणि दुसरा, आपल्या अंगात थोडे का होईना, पण पोर्तुगीज सरदारांचे रक्त आहे. पहिल्या अभिमानाचा पुरावा म्हणून घारे डोळे दाखवले जातात, आणि दुसऱ्याचा पुरावा म्हणूनही तेच डोळे. प्रस्तुत लेखकाचे डोळे काळे असल्यामुळे त्याला कागदोपत्री पुराव्याची निकड इतरांपेक्षा अधिक भासली आणि तो चर्चच्या नोंदवह्या व सरकारी जनगणना या दोन साधनांकडे वळला, हे आरंभीच नमूद करणे इष्ट; कारण संशोधनामागचा हेतू शुद्ध नसला तरी निदान स्पष्ट असावा, अशी विद्वानांची अपेक्षा असते.

यांपैकी पोर्तुगीज रक्ताचा दावा आडनावावर उभा असतो, आणि तो पहिल्याच पायरीवर डळमळतो. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, त्यानंतर येथे धर्मांतरे झाली, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचे, म्हणजे त्या विधीत त्याची धार्मिक जबाबदारी स्वीकारणाऱ्या गृहस्थाचे, किंवा विधी करणाऱ्या पाद्रीचे आडनाव मिळू लागले. परिणामी एकाच गावातले दोन परेरा एकमेकांचे कोणीही नसू शकतात, आणि वेगवेगळ्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेल्या दोन सख्ख्या भावांचे वंशज डिमेलो आणि रॉड्रिग्ज म्हणून एकमेकांच्या मुली मागू शकतात. सरदाराचा वारसा आला तो असा, रक्तातून नव्हे तर शाईतून. तरीही ज्यांचे समाधान होत नाही ते संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे जातात. वसईत पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन ब्रदरांना १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली संतपद मिळाले. व्रतस्थ संताला वंशज नसतात, ही अडचण मावसनात्याच्या मार्गाने दूर करण्याचा प्रघात आहे, आणि प्रस्तुत लेखकानेही तो मार्ग काही काळ आदरपूर्वक चोखाळला आहे.

नोंदवह्यांची व्यवस्था मात्र कोणाच्याही अभिमानासाठी निर्माण झालेली नव्हती. गुप्त विवाहांमुळे एकच पुरुष दोन गावांत दोन संसार थाटू लागला, तेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीच्या, धर्मगुरूने विवाहांची वही ठेवावी असे फर्मावले, बाप्तिस्म्याचीही वही सक्तीची केली, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत मृत्यूच्या वहीसह आणखी वह्यांची भर घातली. त्यांतली सर्वांत मनोवेधक वही ‘आत्म्यांच्या स्थितीची’ होय: धर्मगुरूने घरोघर जाऊन कुटुंबातील प्रत्येक माणसाचे नाव व वय टिपायचे आणि त्याने पापनिवेदन केले की नाही, हेही लिहायचे. सरकारी गणकाने अद्याप हा प्रश्न विचारलेला नाही. त्याचा प्रगणना-फॉर्म घरात नळ आहे का येथवर येऊन थांबतो. पुढे १९०८ पासून लागू झालेल्या एका रोमन आदेशानुसार, माणसाचे लग्न कोठेही झाले तरी त्याची खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवून मूळ नोंदीच्या समासात लिहिणे बंधनकारक झाले, त्यामुळे एका पानाच्या कडेला जन्मापासून लग्नापर्यंतचा प्रवास सापडतो. या समासांत प्रस्तुत लेखकाला सरदार भेटले नाहीत. भेटले ते शेतकरी, मजूर आणि अक्षर न येणारे साक्षीदार.

जनगणनेकडून अपेक्षा अधिक होती, आणि निराशाही तितकीच थोर झाली. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या गणनेतील कुटुंबवार कागद शंभर वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. १९२१ चे कागद २०२२ च्या जानेवारीत उघडले गेले आणि हजारो नातवंडांना आपले आजोबा नेमके कोणाच्या घरी भाडेकरू होते हे कळले. भारतात १८७२ च्या सुमाराची पहिली गणना आणि १८८१ ची देशभर एकाच वेळी झालेली गणना यांचे निष्कर्ष जाड खंडांत छापलेले आहेत, परंतु १९४८ च्या कायद्याने घरोघरच्या नोंदी पाहण्यास मनाई आहे. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्येच्या बेरजेत पणजोबा निश्चितपणे समाविष्ट आहेत, मात्र त्या बेरजेतला कोणता एकक ते आहेत, हे सरकार सांगत नाही. अभिमानाच्या दृष्टीने मात्र जनगणनेचा इतिहास दिलासा देणारा ठरतो: १९०१ च्या गणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा उद्योग झाल्यावर जो तो वरच्या पायरीसाठी अर्ज करू लागला, आणि १९११ साली बंगालच्या अधिकाऱ्याने आलेल्या अर्जांचे वजनच दीड मण भरल्याचे नोंदवले. मुंबईच्या उत्तरेकडील कॅथलिकांनीही १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, गोव्याच्या आणि मंगलोरच्या उमेदवारांपुढे नोकऱ्यांत आपला हक्क जुना ठरावा म्हणून स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ असे नाव दिले. मोठेपणाच्या या उतारपेठेत प्रस्तुत लेखकाचे काळे डोळे तुलनेने स्वस्तच पडतात.

वयाच्या रकान्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, जरी विषयाशी त्याचा संबंध आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीचा जन्म १ जून रोजी झालेला आहे. यामागे ग्रहयोग नसून हेडमास्तर आहेत. जून महिन्यात शाळा उघडली की बाप मुलाला धरून आणत असे, जन्मतारीख विचारल्यावर ‘त्या साली विहीर बांधली’ किंवा ‘मोठा पूर आला त्याच्या आदल्या वर्षी’ असे उत्तर देत असे, आणि हेडमास्तर मुलाच्या उंचीकडे एकदा, दातांकडे एकदा आणि नियमातील किमान वयाकडे एकदा पाहून सहा वर्षे मागची १ जून ही तारीख लिहून टाकीत. पुढे ही तारीख नोकरीच्या पुस्तकात गेली. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो असा नियम असल्यामुळे दर ३१ मे रोजी राज्यभर कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या होतात, शाल-श्रीफळांचे भाव चढतात, आणि एकाच सभागृहात एकामागून एक निरोपसमारंभ उरकताना पहिल्या सत्कारमूर्तीचे गुण चुकून तिसऱ्याला लागू केले जातात. वर्तमानपत्रांच्या राशिभविष्यानुसार या सर्वांची रास मिथुन ठरते आणि त्या सर्वांना एकाच आठवड्यात धनलाभ होतो, ही शासनाला न परवडणारी गोष्ट होय. वसईच्या पॅरिशमध्ये जन्माची खरी तारीख कपाटात बंद असताना त्याच मुलाला शाळेत १ जून मिळे; म्हणून प्रस्तुत लेखकाच्या आजोबांना दोन वाढदिवस होते, एक देवाच्या दप्तरी आणि एक पेन्शनच्या. त्यांनी जन्मभर दुसरा पाळला, कारण पैसे त्या तारखेला मिळत. हेडमास्तर नावाच्या या वर्गाने महाराष्ट्राचा जेवढा इतिहास लिहिला तेवढा कोणा बखरकारानेही लिहिलेला नाही, आणि त्यांचा सत्कार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. बहुधा त्यांचीही जन्मतारीख १ जूनच असावी.

पॅरिशच्या कचेरीत प्रत्येक आगंतुकाला एकच प्रश्न येतो, ‘दाखला लग्नासाठी की पासपोर्टसाठी?’, आणि ‘पूर्वजांसाठी’ हे उत्तर ऐकून कारकून त्याला बसायला सांगतो, कारण अशा माणसाला घाई नसते. वह्या वाचताना आरंभी प्रत्येकाला लिपिकाच्या हलगर्जीपणाची चीड येते: त्याच आईवडिलांच्या पोटी आंतोन, दोन वर्षांनी पुन्हा आंतोन. मृत्यूची वही शेजारी ठेवल्यावर कळते की पहिला आंतोन चार महिन्यांचा असताना गेला आणि तेच नाव पुढच्याला दिले गेले. प्रस्तुत लेखकाचे पणजोबा हे दुसरे आंतोन होत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मृत्यूच्या वहीतले अक्षर लहान होत जाते, ओळी एकमेकींना चिकटतात, आणि काही नोंदींत बाळाला नावच नाही.

या नोंदींतल्या आईचे नाव बहुधा मारिया असते, तिचे माहेर लिहिलेले नसते, आणि पुढे मृत्यूच्या वहीत ती ‘अमुकाची विधवा’ एवढ्यावर आटोपते. ज्याच्यासाठी एवढी शोधाशोध चालते ते आडनाव पित्याच्या एका रेषेनेच मागे जाते. दहा पिढ्या मागे, म्हणजे साधारण मराठा सेनानी चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली त्या काळापर्यंत, गेल्यास एका माणसाला त्या पिढीतले १०२४ पूर्वज मिळतात. गावातल्या गावात लग्ने होत असल्याने काही नावे दोनदा येतात हे गृहीत धरले तरी शेकडो उरतातच. त्या १०२४ पैकी एकाच्या आडनावावर मिशीला पीळ देण्याचा हा व्यवहार आहे, आणि उरलेल्या १०२३ मधल्या निम्म्याहून अधिक मारिया आहेत, ज्यांनी मुले जन्माला घातली, पुरली आणि पुन्हा त्याच नावाने हाक मारली. सामवेदी ब्राह्मण कोण आणि सरदार कोण, हे या वह्यांना ठाऊक नाही. या मारियांचे माहेर मात्र ठाऊक असूनही लिहिले गेले नाही, आणि त्याचा राग येणे अशास्त्रीय असले तरी येतोच.

नऊ पिढ्यांचा असावा अशी आशा असलेला, प्रत्यक्षात पाचव्या पिढीशी थांबलेला हा वंशवृक्ष प्रस्तुत लेखकाने नाताळात जमलेल्या नातेवाइकांसमोर मांडला. सर्वांनी तो कौतुकाने पाहिला, आपापली नावे शुद्धलेखनाच्या दृष्टीने तपासली, आणि एका चुलत काकांनी मूळ प्रश्न विचारला: यावर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळेल का? गोवा, दमण आणि दीव येथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून नागरिकत्व मागता येते, वसई मात्र पोर्तुगिजांच्या हातून त्याच्या २२२ वर्षे आधीच गेली, हे त्यांना सविस्तर समजावून सांगितले. काकांनी वंशवृक्षाची गुंडाळी केली, दोरीने बांधली, आणि ती परत देत म्हणाले, “म्हणजे चिमाजीअप्पांनी जरा थांबायला हवं होतं.”