म्हणे, फाळके रडलेच नाहीत!

"काय हो ताई, काल शेवटपर्यंत बसलात का? की प्रसाद घेतला आणि सटकलात?"

"बसले तर! खुर्ची सोडली असती तर तुमच्या जाऊबाईंनी पटकावली असती."

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या अंगाला, आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. गणपती दोघांचा मिळून एकच बसतो, त्यामुळे वर्गणीवरून भांडणंही दोघांची मिळूनच होतात. यंदा ऑर्केस्ट्रा परवडेना, म्हणून पोरांनी प्रोजेक्टर आणला, दोन खांबांना पांढरा पडदा बांधला आणि दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्यावरचा परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे गेले, पाणी गेलं आणि वहिनी भिंतीला टेकल्या.

"आधी हे सांगा, तुमचे पहिल्या मजल्यावरचे बँकवाले काका मध्येच का उठले?"

"चिडले. जिन्यात गाठलं मला. म्हणाले, घरातलं सामान विकलं, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, डोळे जायची वेळ आली, आणि हा माणूस आपला हसतोच आहे! दादासाहेब फाळके म्हणजे काय चेष्टा आहे? एक तरी हुंदका नको?"

"खरं सांगू? मलाही थोडं तसंच वाटलं. मोठ्या माणसावरचा सिनेमा म्हटला की शेवटी डोळ्याला पदर लागायलाच हवा. मी तयारीत बसले होते. पदर कोरडाच!"

"पण वहिनी, गाळलंय काय त्यात? बापू वाटव्यांनी फाळक्यांचं चरित्र लिहिलंय, ते वाचून मोकाशींना सिनेमा सुचला. कर्ज आहे, आजारपण आहे, रिकामं होत जाणारं घर आहे. फक्त घर रिकामं होताना मागे सारंगी वाजत नाही, एवढंच."

"हां, सारंगी नाही खरी. आनंद मोडकांचं संगीत आपलं दुडक्या चालीनं पुढेच पळतंय. आणि तो फाळके झालेला नंदू माधव! अंगावर वीज पडली तरी म्हणेल, वा, काय उजेड आहे, कॅमेरा आणा."

इतक्यात विमान गेलं. आमच्याकडे विमान जाईपर्यंत वाक्य तोंडात धरून ठेवायची सवय लहान मुलांनाही असते. ते गेल्यावर वहिनींनी पुढचा अभिप्राय काढला.

"आमच्या धाकट्याची तक्रार वेगळीच. म्हणे, कॅमेरा हलतच नाही. माणसं एका बाजूनं येतात, समोर बोलतात, दुसऱ्या बाजूनं जातात. सासूबाई म्हणाल्या, नाटकच बघायचं तर पार्ल्याला दीनानाथला गेलो असतो, तिथे निदान डास तरी नसतात."

"अहो, फाळक्यांच्या काळी तसंच होतं ना. कॅमेरा स्टँडवर पक्का, एकानं हँडल फिरवायचं, आणि माणसांनी चौकटीत यायचं नि जायचं. मोकाशींनी फाळक्यांची गोष्ट फाळक्यांच्याच चौकटीत बसवली. मोकाशींचा हा पहिलाच सिनेमा होता आणि स्वतः नाटकातून आलेले. लोक 'नाटकासारखा आहे' म्हणणार हे त्यांना काय माहीत नव्हतं?"

"धाकटा रात्री जरा नरमला. म्हणाला, आई, हे तर वेस अँडरसनसारखं आहे. तो कोण बाई, विचारलं, तर मोबाइलवर एक गुलाबी हॉटेल दाखवलं. दार मधोमध, माणूस मधोमध, सगळं फूटपट्टी लावून."

"'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'. तो 2014 चा. आपली फॅक्टरी थिएटरात लागली जानेवारी 2010 मध्ये."

"म्हणजे आपलं आधी!" वहिनींनी भिंतीवर थाप मारली. "सांगते त्याला."

"जपून सांगा. अँडरसन त्याच्याही आधीपासून सिनेमे करतोय. धाकटा उलटं ऐकवेल."

वरच्या खिडकीचा पडदा सरकला. आजी केव्हाच्या ऐकत होत्या.

"अगं, फाळक्यांच्या बायकोबद्दल, त्या सरस्वतीबाईंबद्दल बोला की कुणीतरी! सिनेमा काय नुसता त्याचाच आहे? सगळ्या लोकांचा स्वयंपाक करायचा, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायची, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं. विभावरी देशपांडेनं काम गोड केलंय. ती पण कुठे कुरकुरत नाही, म्हणून काकांना राग आला असेल."

"आजी, तुम्हाला आवडला ना पण?"

"आवडला. एकच खटकलं. कपडे सगळ्यांचे परीटघडीचे. इतक्या हालअपेष्टा, आणि धोतराला सुरकुती नाही!"

"ते मुद्दामच असणार आजी. नितीन चंद्रकांत देसाईंनी उभी केलेली मुंबई आहे ती. जुन्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखी दिसायला हवी होती."

"असेल बाई. चित्रातल्या माणसांना धुणं नसतं," म्हणून आजींनी विषय मिटवला.

पोरं मात्र कुठे हसली याबद्दल दोन्ही सोसायट्यांत एकमत होतं. तारामतीच्या कामाला बाई मिळत नाही, म्हणून फाळके पुरुष उभे करतात, आणि पुरुष म्हणतात, बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची! पुढे तेच बाप्ये साड्या नेसून घरकामाची सवय करतात, तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं सतरंजीवर लोळत होती.

"त्या तारामती झालेल्या साळुंक्यांचं खरंच होतं का हो तसं?" वहिनींनी विचारलं. "की सिनेमाचं तिखट-मीठ?"

"खरंच. अण्णा साळुंके. हॉटेलात कामाला होते, तिथून फाळक्यांनी उचलले. आणि पुढचं ऐका. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच."

"अगंबाई! मग लोक हसले असतील."

"हसतात कुठले! पडद्यावर राम आला की लोक चपला काढून बसायचे, असं सांगतात. आपली पोरं जिथे लोळली, तिथे त्यांच्या पणजोबांनी हात जोडले."

वहिनी गप्प झाल्या. असा प्रसंग दुर्मिळ, म्हणून मी घाईनं पुढचं सांगितलं.

"आणि बाई मिळाली ती 'राजा हरिश्चंद्र'नंतरच्या लगेचच्याच सिनेमात. 'मोहिनी भस्मासुर', तोही 1913 सालचाच. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. ती कमला म्हणजे कमलाबाई गोखले, आपल्या विक्रम गोखल्यांची आजी."

"काय सांगता!" आता खरी बातमी मिळाल्यासारखा वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे घराणंच की हो."

"अजून एक बघा. 'नटरंग' आठवतो? तोही जानेवारी 2010 चाच, एक तारखेचा. पैलवान गडी नाच्या होतो, त्याची गोष्ट. म्हणजे एकाच महिन्यात दोन मराठी सिनेमे, दोन्हींत पुरुषाला बाई व्हावं लागतं. एकात आपण ढसाढसा रडलो, दुसऱ्यात खो खो हसलो. आणि गाजला कुठला जास्त?"

"'नटरंग'. त्यात अजय-अतुलची गाणी होती हो. लग्नाच्या वरातीत अजून वाजतात."

"गाणी होतीच. पण रडवलं की आपल्याला पैसे वसूल वाटतात, हेही आहे ना? ही फॅक्टरी भारतातर्फे ऑस्करला गेली होती. मराठीत 'श्वास'नंतरची तीच दुसरी. शेवटच्या पाचांत नाही आली, तर तेव्हाही लोक म्हणाले, बघा, हलकाफुलका पाठवला की असंच होणार."

"पण ताई, काकांचं एक मान्य करा. त्या माणसानं खरंच सोसलंय."

"सोसलंय ना. राजा हरिश्चंद्र लागला 3 मे 1913 ला, गिरगावात, कॉरोनेशनला. मुंबईत चालला. तोच सुरतेला नेला तर पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये, असं सांगतात. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? घरी येऊन उशीत तोंड खुपसलं असतं. फाळक्यांनी जाहिरात काढली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि तिकीट फक्त तीन आणे! आता सांगा, हा माणूस रडणारा की हसणारा?"

"हा तर आपल्या स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याच्या वरताण निघाला!"

"मूळचा जादूगार हो! प्रोफेसर केल्फा नावानं जादूचे प्रयोग करायचे. फाळके उलटं करून केल्फा. पहिली बायको आणि मूल प्लेगात गेलं, भागीदाराशी पटेना म्हणून छापखाना सोडला, आणि तरी पोरांना जादू दाखवणारा माणूस आहे तो. त्याला दोन तास रडत बसवला तर बँकवाल्या काकांना बरं वाटेल, पण फाळके स्वतः उठून जातील."

वहिनी फिसकन हसल्या. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यात ते शेजारी त्याला वेड लागलंय म्हणून वेड्यांच्या इस्पितळात न्यायला निघतात ना, तेव्हा मला मेलं कसंतरीच झालं. आपण तरी वेगळं काय केलं असतं? शेजारचा माणूस नोकरी ना धंदा, उन्हात बायकोला चादर धरून उभी करतो. भिंतीवर महिनाभर पुरला असता विषय."

"महिनाभर? वर्षभर!"

"म्हणून ते नटांना सांगायचे ना, घरी विचारलं तर सिनेमा म्हणू नका, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे म्हणा. माणसं ओळखून होता बुवा."

तेवढ्यात सेक्रेटरींचा मेसेज दोघींच्या फोनवर एकदमच वाजला: पुढच्या वर्षी कुठला सिनेमा लावायचा, नावं सुचवा. बँकवाल्या काकांचं मत सगळ्यांत आधी आलं होतं: 'श्यामची आई'. वहिनींच्या जाऊबाई: 'अशी ही बनवाबनवी'. धाकट्यानं मोकाशींचाच 'मु. पो. बोंबिलवाडी' टाकला होता, पुढे कंसात 'प्रशांत दामले हिटलर आहेत'.

"प्रशांत दामले हिटलर?" खिडकीतून आजी किंचाळल्या. "तोच लावा! लिहा माझं मत."

"आजी, काका म्हणतायत डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी असावं."

"त्यांना सांग, त्यासाठी आपल्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा आहेत. गणपतीत हसू द्या माणसांना."

वहिनींनी ते वाक्य जसंच्या तसं, आजींच्या नावासकट, ग्रुपवर टाकून दिलं.